टायरची हवा: आमच्या सात सीटरच्या वर्षभराच्या नोंदी

5 जानेवारी 2025

आजपासून ही वही सुरू.

गेल्या मे महिन्यात आर्वी रोडवर आमच्या गाडीचा मागचा डावा टायर फुटला. गाडी मी चालवत होते. मागं दोन्ही लेकरं, सासूबाई, नणंद आणि तिची मुलगी. वेग साठ-पासष्टचा होता, समोरून काही येत नव्हतं, म्हणून गाडी रस्त्याखाली उतरून एका वावराच्या धुऱ्याला टेकली आणि थांबली. कोणाला खरचटलंही नाही. पण लहान लेकीनं पुढं दोन महिने गाडीत बसताना माझ्या मागचीच सीट धरली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

त्याच्या आठ दिवस आधी चारही टायरमधली हवा मीच कमी केली होती. उन्हाळ्यात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून चार-पाच पॉइंट काढून टाकायचे, असं आमच्या भागात सगळेच सांगतात. मी भर दुपारी गाडी पंपावर नेली आणि 30 ठेवायला सांगितलं. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. तरीही एकदाही थांबून विचार केला नाही.

पुलगावच्या टायरवाल्या चाचांनी तो टायर डिस्कवरून उतरवला आणि आतली बाजू माझ्यापुढं धरली. आत काळी भुकटी साचलेली. बोट फिरवलं तर काजळीसारखी लागली. बाजूच्या भिंतीला आतून गोल घासल्याचा पट्टा. चाचा म्हणाले, "म्याडम, हवा जास्त होऊन नाई फुटला हा. कमी हवेवर चालला, आतल्या आत भाजला."

ते वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे. या वर्षभरात मला आमच्या गाडीचा बरोबर आकडा शोधायचा आहे. रोज मी एकटी शाळेत जाते त्याचा, सात जण भरून देवाला जातो त्याचा, आणि जानेवारीतल्या 10 अंशांपासून मेमधल्या 45 अंशांपर्यंतचा.

12 जानेवारी

सुरुवात गाडीपासूनच. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर कंपनीची चिकटपट्टी दिसते. पाच वर्षं ते दार उघडते आहे, पट्टी आज पहिल्यांदा वाचली. थोडी माणसं असतील तर पुढं 33, मागं 33. गाडी पूर्ण भरली तर पुढं 33, मागं 36. आणि खाली बारीक अक्षरात, टायर थंड असताना.

टायरच्या अंगावरही एक आकडा असतो, आमच्या टायरवर 51. पंपावरच्या पोरानं एकदा तोच वाचून "एवढी चालते, टाकू का" विचारलं होतं. ती टायर सोसू शकेल ती कमाल मर्यादा. टायर बनवणाऱ्याला तो कोणत्या गाडीला लागणार हे ठाऊक नसतं. गाडी बनवणाऱ्याला तिचं वजन, स्प्रिंग, ब्रेक सगळं ठाऊक असतं. म्हणून चालवायचा आकडा दारावरचा.

एककांचा घोळही आजच मिटवला. पट्टीवर किलोपास्कल आणि पीएसआय दोन्ही आहेत, 230 म्हणजे 33, 250 म्हणजे 36. काही जुन्या मीटरवर किलो असतात, तिथं 2.3 म्हणजे साधारण 33. आपल्याकडं ज्याला पॉइंट म्हणतात तो पीएसआय.

टायरवर आणखी दोन गोष्टी वाचल्या. 185/65 आर 15 हा आकार आणि पुढं 88. हा 88 म्हणजे किलो नाहीत, तो वजनाच्या तक्त्यातला क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त 560 किलो. तेही टायरमध्ये पुरेशी हवा असेल तर. हवा उतरली की टायरची ताकदही उतरते. दुसरी गोष्ट लंबगोलातले चार आकडे. मे महिन्यात घेतलेल्या दोन टायरवर 0824, म्हणजे 2024 सालचा आठवा आठवडा. पुढच्या जुन्या दोघांवर 3119.

19 जानेवारी

हवा मोजायचं गेज घेतलं. आधीचं पेनासारखं, दांडी बाहेर येणारं, घरात होतंच. नवं आकडे दाखवणारं. आणि तिसरं पंपावरचं. सकाळी साडेसहाला अंगणात नव्या गेजनं पुढचा उजवा टायर 31, दांडीवाल्यानं 31 च्या जरा वर. पंपावर गाडी नेली, पंप आमच्यापासून सहा किलोमीटर, तिथं तोच टायर 36 दाखवला.

घाबरायला झालं. पण सहा किलोमीटर चालून टायर तापलेला होता हे आधी लक्षात यायला हवं होतं. तिथंच उभं राहून माझं गेज लावलं तर 33. म्हणजे दोन पॉइंट तापण्याचे, तीन पॉइंट पंपाच्या मीटरचे. त्या मीटरवर विसंबून 33 भरली असती तर घरी सकाळी 28 निघाली असती. पुढच्या फेरीत चाचांच्या गेजशी माझं ताडून पाहिलं, अर्ध्या पॉइंटचा फरक. मला तेवढं पुरे.

आजचा नियम जाड पेनानं लिहून ठेवते. मोजायचं घरी, टायर थंड असताना, निदान तीन तास गाडी उभी असावी. कोणत्या टायरला किती कमी आहे ते कागदावर लिहायचं. पंपावर गेल्यावर तिथलं मीटर जे काही दाखवेल त्यात तेवढीच भर घालायची. घरी 31 होती, 34 हवी आहे (पट्टीची 33 आणि गेजच्या चुकीसाठी एक जास्त), तर तीन पॉइंट. पंप 36 दाखवत असेल तर 39 करायची. ऐकायला उलटं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात 34 च निघाली.

1 फेब्रुवारी

आजचा दिवस या वहीतला सर्वांत आनंदाचा.

टायरवर किती भार येतो हे अंदाजानं बोलून भागणार नव्हतं. कापसाचा हंगाम आहे, जिनिंगचा धर्मकाटा दिवसभर चालू असतो. तिथल्या काटेवाल्या भाऊंना विचारलं की दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आमची गाडी घेता का. ते म्हणाले, "कापूस आणला का म्याडम?" म्हटलं, नाही, फक्त घरची माणसं आणली. कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतः हात दाखवून पुढची चाकं काट्यावर घ्यायला लावली, मग पूर्ण गाडी. नंतर पैसे घ्यायलाही तयार नव्हते, बळंच दिले.

गाडीत मी एकटी: पुढच्या चाकांवर 700 किलो, मागच्या चाकांवर 540. मग सगळे बसले. मामाजी (माझे सासरे) पुढं, मधल्या सीटवर सासूबाई, नवरा आणि मोठी लेक, सगळ्यात मागं नणंद आणि लहानी, आणि डिकीत गव्हाचा कट्टा व दोन पिशव्या. पुढं 760, मागं 880.

म्हणजे घरादारासकट 400 किलो वाढलं, त्यातलं 60 पुढं आणि 340 मागं. पट्टीवर पूर्ण भरलेल्या गाडीला मागं 36 आणि पुढं मात्र 33 च का लिहिलंय, हे काट्याच्या चिठ्ठीवर दिसलं. मागच्या एका टायरवर 270 चे 440 किलो झाले. 560 च्या मर्यादेपर्यंत अजून अंतर आहे, पण ते पुरी हवा असली तरच.

मे महिन्यातली ती दुपार मला परत दिसली. मागच्या टायरला सगळ्यात जास्त भार, आणि त्यातली हवा मीच कमी केलेली.

9 फेब्रुवारी

सकाळी आठला मोजलं. डावीकडचे दोन्ही 33, उजवीकडचे 35. गळतीचा विचार करत बसले होते, मग दिसलं की उजव्या बाजूवर तासभरापासून ऊन आहे आणि डावी बाजू कडुनिंबाच्या सावलीत. यापुढं ऊन लागायच्या आधीच मोजायचं.

2 मार्च

खडूचा प्रयोग. ग्रामपंचायतीसमोरच्या सिमेंट रस्त्यावर, सकाळी रहदारी नसताना. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढायची, गाडी सरळ वीस-पंचवीस फूट चालवायची आणि खडू कुठं पुसला ते बघायचं. लेकींनी रेघा ओढल्या, शेजारची चार पोरं गोळा झाली.

40 हवेवर रेघ मधोमध पुसली, दोन्ही कडांना खडू तसाच. 28 वर उलट, कडा स्वच्छ आणि मध्ये पांढरं. 34 वर बहुतेक सारखी. हा काही प्रयोगशाळेतला निकाल नाही, रेडियल टायरचा पट्टा मधून बराच ताठ असतो, दोन-तीन पॉइंटचा फरक खडूत दिसणारच नाही. पण पोरांना एका नजरेत कळलं की जास्त हवेचा टायर पोटावर चालतो आणि कमी हवेचा खांद्यांवर. ज्या जागेवर चालेल तीच जागा झिजणार.

40 वर ठेवून मुद्दाम शाळेपर्यंतही गेले. गिट्टी उघडी पडलेल्या तुकड्यात गाडी उड्या मारते, वळणावर पकड सुटल्यासारखी वाटते. सासूबाईंच्या कमरेला तर ही हवा नकोच.

नक्षीच्या खाचांमध्ये आडव्या उंच पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटर उरली, म्हणजे टायर काढायचा. पुढचे दोन्ही अजून बरेच वर आहेत, पण डाव्याची आतली कड जास्त झिजली आहे. ते हवेचं काम नाही, अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांच्या कोनाचं आहे. वर्ध्याला जाईन तेव्हा.

16 मार्च

नायट्रोजनची चौकशी. उन्हाळ्यात नायट्रोजन भरला की हवा वाढत नाही असं एका दुकानात ठासून सांगितलं. मी तिथं वाद घातला नाही, घरी येऊन लिहिते आहे. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. तापमानानं दाब वाढण्याच्या बाबतीत दोघांत फरक पडत नाही. फरक दोन ठिकाणी पडतो. नायट्रोजन रबरातून जरा हळू झिरपतो, आणि तो कोरडा असतो. विमानाच्या टायरला तो कामाचा आहे. आमच्याकडं दर पंधरा दिवसांनी गेज लागणारच, त्यामुळं साधी हवा पुरते. ज्यांनी नायट्रोजन भरला आहे त्यांनी अडीअडचणीला साधी हवा भरली तरी काही बिघडत नाही. नायट्रोजन मिळेपर्यंत कमी हवेवर चालवणं मात्र चूक.

कोरडेपणाचं चाचा मनावर घेतात. रोज सकाळी दुकान उघडलं की कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ सोडून आधी पाणी काढतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते पानी तुमच्या टायरात काऊन जाऊ देऊ?"

6 एप्रिल

तीन महिन्यांचे आकडे मांडले. हवेचा कायदा पुस्तकात आहेच, बंद जागेतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो. फक्त हिशेब गेजच्या आकड्यावर करायचा नसतो. गेज शून्य दाखवतं तेव्हाही आत बाहेरच्याइतकी हवा असते, आमच्या उंचीला ती साधारण 14 पॉइंटची. ती मिळवायची, तापमानात 273 मिळवायचे, मग गुणाकार. शेवटी निघतं असं: आमच्या आकड्यांच्या आसपास दर 10 अंशांना दीड पॉइंटच्या थोडं वर.

पहाटे 29 अंशांत 33 भरलेला टायर दुपारी 44 अंशांत सावलीत नुसता उभा असला तरी 35 दाखवेल. रस्त्यावर चालून आतली हवा 65 अंशांपर्यंत गेली तर 38 च्या वर. यात घाबरण्यासारखं काही नाही. पट्टीवर 33 लिहिणाऱ्यानं हे वाढणं धरूनच 33 लिहिलेलं असतं, म्हणून तर "थंड असताना" अशी अट.

आता मागच्या वर्षीची माझी कृती याच हिशेबात घातली. भर दुपारी, तापलेल्या टायरमध्ये 30. तो टायर रात्री 29 अंशांवर आला की 26 च्याही खाली. पट्टीवर पूर्ण भरलेल्या गाडीला 36 लिहिलेली, आणि मी 26 वर सहा माणसं नेली.

हे लिहायला पाऊण तास लागला.

20 एप्रिल

पुढच्या रविवारी शिर्डी. परीक्षा तोवर आटोपतात. विरुळला समृद्धी महामार्गावर चढायचं आणि शिर्डीला उतरायचं, चारशेवर किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, तेव्हापासून मामाजी जाऊ म्हणत आहेत. सासूबाईंना मात्र हा रस्ता नको होता. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 माणसं गेली, त्यात नागपूर-वर्ध्याकडचीही होती. ती बातमी त्यांच्या मनातून गेलेली नाही. मी त्यांना समजावलं नाही. माझ्या हातात जेवढं आहे तेवढं पूर्ण करून दाखवीन एवढंच म्हटलं.

अडचण मामाजींची आली. चहा घेताना म्हणाले, "सूनबाई, शिमिटाचा रस्ता हाय, ऊन पाह्य केवढं तापून राह्यलं. चार पॉइंट काढून टाक." चाळीस वर्षं ट्रॅक्टर, बैलगाडी, जीप सांभाळलेला माणूस. माझा गुणाकार त्यांना दाखवून काही होणार नव्हतं.

गोठ्यात कुंपणाची तार पडली होती, वीतभर तुकडा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, मामाजी, पकड नसली तर ही कशी तोडता? त्यांनी नेहमीसारखी इकडून तिकडं, इकडून तिकडं वाकवली. दहा-पंधरा वेळात तुटली. म्हटलं, आता तुटलेलं टोक हाताला लावून पाहा. त्यांनी लावलं आणि हात झटकला. चांगली पोळली होती.

"उन्हानं तापली का?"

"नाई. वाकवून तापली."

मग टायरजवळ बसलो. हवा कमी असली की टायरची बाजू जमिनीशी जास्त दबते, वर जाताना परत सरळ होते. आमच्या आकाराचा टायर ताशी 100 ला सेकंदाला 14 वेळा फिरतो. म्हणजे तीच जागा सेकंदाला 14 वेळा वाकते, तासाला पन्नास हजार वेळा. उन्हानं टायर तापतो ते थोडं, या वाकण्यानं तापतो ते फार. हवा पुरी असली की टायर ताठ राहतो आणि कमी वाकतो. ऊन जास्त असताना हवा काढणं म्हणजे त्या उन्हात आणखी वाकवणं.

मामाजी बराच वेळ तारेकडं बघत होते. मग म्हणाले, "मागच्या साली हेच झालं?" मी हो म्हटलं. "मीच सांगतलं होतं तुले," ते म्हणाले आणि उठून बैलांकडं गेले. त्यांनीच सांगितलं होतं हे खरं आहे. मी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि यापुढंही दाखवणार नाही. पंपावर गाडी मी नेली होती.

27 एप्रिल, शिर्डी

पहाटे 4.50, अंगणात 27 अंश. पुढं 34, मागं 37. पट्टीपेक्षा एक पॉइंट जास्त ठेवला, गेजमध्ये अर्धा पॉइंट इकडं-तिकडं होतो म्हणून. व्हॉल्व्हची चारही टोपणं जागेवर. चारही टायरवर हात फिरवून फुगवटा, चीर, रुतलेला खिळा पाहिला. हे सगळं करताना टॉर्च मामाजींनी धरला.

समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे. मी 95 च्या वर गेले नाही. रस्ता सरळ आणि एकसारखा, ना गाव ना खड्डा, तीच अडचण. आपल्या साध्या रस्त्यावर दर पाच मिनिटांनी वेग कमी होतो, टायरला दम मिळतो. इथं दोन-दोन तास एका लयीत चालतो, टायर निवायला वाव नाही आणि ड्रायव्हरला जाग राहायलाही कमी वाव. म्हणून दर दीड तासानं थांबायचं असं आधीच ठरवलं होतं.

पहिल्या थांब्याला मोजलं: पुढं 37, मागं 40. साडेदहाच्या थांब्याला, उन्हात: पुढं 39, मागं 42. हाताची मागची बाजू टायरच्या भिंतीला लावली, गरम पण सोसवेल इतका, चारही सारखे. एखादा वेगळा तापला असता तर तो आकड्याआधी हाताला कळला असता.

शेजारी थांबलेल्या एका गाडीतले गृहस्थ माझं गेज बघून म्हणाले, "42? अहो ताई, काढा लवकर." मी उत्तर देण्याआधी मामाजी बोलले, "काढाची नाई. सकाळी थंड्यात पाह्यली तेव्हा बरोबर होती." त्यांना कुंपणाच्या तारेची गोष्टही सांगितली, पूर्ण. मी बाजूला उभी राहून ऐकली.

त्या 42 ची 36 केली असती तर दुसऱ्या दिवशी पहाटे 31 निघाली असती, परतीच्या प्रवासाला, भरलेल्या गाडीला.

दुपारी पोचलो. सासूबाई पूर्ण रस्ता जाग्या होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "झोप आली नाई, पण भेवही लागलं नाई."

28 एप्रिल

शिर्डी, पहाटे 5.30. पुढं 33.5, मागं 36.5. काहीच भरलं नाही, काहीच काढलं नाही. निघतो.

5 जून

इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा आज खुला झाला, समृद्धी पूर्ण 701 किलोमीटर. धाकट्या दिराचा कल्याणहून फोन आला, या म्हणून. दिवाळीनंतर बघू.

13 जुलै

पांदण. वावर डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. गाडी फसते तेव्हा हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, असं ऐकलं होतं. रेतीत ते खरं आहे. आपल्या काळ्या मातीत नाही. टायर 25 वर आणून पाहिला. माती नक्षीत भरली, पाच फुटांत टायर गुळगुळीत मडक्यासारखा झाला आणि चाक जागेवर फिरायला लागलं. हवा 25 असो की 35, ओल्या काळीत नक्षीच उरत नाही. शेवटी बैलजोडीनं ओढून काढली. पोळ्याला अजून सव्वा महिना आहे, पण बैलांना आजच पुरणपोळी द्यावीशी वाटली.

यापुढं पावसाळ्यात गाडी डांबरीवर ठेवून पायी. हवा तिथंच परत 34 केली. सिगारेट लायटरच्या जागी लावायचा छोटा पंप आता डिकीत कायम असतो, एका टायरला नऊ पॉइंट चढवायला पाचेक मिनिटं घेतो. 25 वर डांबरीवरून घरी आले असते तर वर्षभराची मेहनत चार किलोमीटरमध्ये वाया.

31 ऑगस्ट

पोळ्यापासून पुढचा उजवा टायर उतरतो आहे. 34, दोन दिवसांनी 33, आज 30. बाकी तिघे जागेवर. ही वही नसती तर "पावसानं गार झालं असेल" म्हणून सोडून दिलं असतं. चारही सारखे उतरले तर थंडी. एकच उतरला तर गळती.

वाटीत साबणाचं पाणी करून नक्षीवर, कडेला, व्हॉल्व्हवर सोडलं. नक्षीत बाभळीचा काटा निघाला, पण तो वरच्या वर होता, बुडबुडा नाही. बुडबुडे व्हॉल्व्हच्या तोंडातून येत होते, बारीक, मोहरीएवढे. टोपण काढलं तर आत सुकलेला चिखल. जुलैत पांदणीवर हवा सोडली-भरली तेव्हाचा. चाचांनी पिन बदलली, दहा मिनिटांचं काम. टोपण खाली मातीत ठेवू नये हे मला माहीत होतं, त्या चिखलात लक्ष राहिलं नाही.

26 ऑक्टोबर

स्टेपनी. दहा महिने चार टायरचे आकडे लिहिते आहे आणि पाचवा गाडीच्या पोटाखाली लटकलेला. आज खाली झोपून मोजला: 17. दिवाळीत हाच घेऊन आम्ही माहेरी, पांढरकवड्याला जाऊन आलो. वाटेत पंक्चर झालं असतं तर सतरा हवेच्या टायरवर सात माणसं घेऊन किती लांब गेलो असतो?

39 भरली. रोजच्यापेक्षा पाच जास्त, कारण स्टेपनी महिनोन्महिने कोणी बघत नाही, आणि लागेल तेव्हा हवा काढता येते, भरता येईलच असं नाही. तारखेचे आकडे 1418. वापरलेला नाही पण सात वर्षांचा आहे, कडेला बारीक केसासारख्या भेगा दिसतात. तो फक्त टायरच्या दुकानापर्यंत जायला, समृद्धीवर नाही. नवा घ्यायचा, कापूस विकल्यावर.

14 डिसेंबर

पहाटे 10 अंश. चारही 31 च्या आसपास. मागच्या आठवड्यात 15 अंशांवर 32 होती, आणि बाकीची पंधरवड्याला थोडी झिरपते तेवढी. हिशेबाशी जुळतं. मेमध्ये 33 करून विसरलेली गाडी थंडीत गळतीशिवायही 30 वर येते. आमच्याकडं सगळे उन्हाळ्याला भितात, पण कमी हवेवर सगळ्यात जास्त गाड्या डिसेंबरातच चालत असतील.

आज कार्ड लिहून ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवलं. थंड असताना 34 चारही, बारा महिने. पाचपेक्षा जास्त माणसं किंवा कट्टे असतील तर मागं 37. स्टेपनी 39, महिन्याला एकदा. गरम टायरची हवा काढायची नाही. पंधरा दिवसांनी रविवारी, ऊन लागायच्या आधी. मोठ्या लेकीनं खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: टोपण खिशात ठेवायचं.

उन्हाळ्याचा वेगळा आकडा कार्डावर नाही. वर्षाच्या सुरुवातीला मला वाटलं होतं की दोन तरी आकडे निघतील.

4 जानेवारी 2026

सकाळी 6.40, 11 अंश. आज गेज लहानीच्या हातात होतं, मी लिहायला. पुढं 32, 32. मागं 31.5, 32. चारही सारखे, म्हणजे थंडी आणि पंधरवडा. छोट्या पंपानं 34 केली, तिनं परत मोजली, एक अर्धा पॉइंट जास्त निघाला तो पिन दाबून सोडला, परत मोजली. मग ती सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसली, खिडकीशी.

मामाजी दातुन करत उभे होते. त्यांनी विचारलं, ट्रॅक्टरच्या मागच्या टायराचा आकडा कुठं लिवला असते? मला माहीत नाही. दुपारी ट्रॅक्टरचं पुस्तक काढून बघायचं.